मोहगावची साठ झाडं

आमच्या नाशिककडे लोक द्राक्षांचे मळे बघायला येतात. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. मी ज्या वाइनरीच्या बागेत कामाला आहे, तिथे पाहुण्यांना वेलींमधून फिरवण्याचं काम हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. मी त्यांना सांगतो, ही टेकडीची उगवतीची बाजू, इथली माती हलकी, म्हणून हिची वाइन वेगळी. बाटलीवर गावाचं नाव छापतात ते उगाच नाही. नावावर विश्वास ठेवून माणूस बाटली उघडतो. पाहुणे माना डोलावतात, पेला नाकाशी नेतात आणि मी सांगितलेलं सगळं खरं मानतात.

हे सांगताना दर वेळी माझ्या मनात एक गाव येऊन जायचं. त्याचं नाव मी कोणत्याही पाहुण्याला सांगितलं नाही, घरीही नाही. ते मध्य प्रदेशातलं, सौंसर तालुक्यातलं मोहगाव.

यंदा फेब्रुवारीत मी आणि माझी बायको रेखा चार दिवस पांढुर्णा-सौंसरचा संत्र्यांचा मुलूख फिरून आलो. नाशिकला लोक जसे एका बागेतून दुसऱ्या बागेत चाखत फिरतात, तसेच फिरलो. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पण आधी एक कबुली देतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सत्तावीस वर्षं मी संत्रं खाल्लेलं नव्हतं. घरात पित्ताचं कारण सांगितलं होतं.

मी मूळचा वरूडकडचा. महाराष्ट्राच्या हद्दीत, पण पांढुर्ण्यापासून फार लांब नाही. माझ्या मामांची संत्र्याची पन्हेरी होती. पन्हेरी म्हणजे रोपवाटिका. संत्र्याचं झाड थेट बियांपासून करत नाहीत. जंबेरी नावाच्या आंबट, जाड सालीच्या लिंबाची बी पेरतात. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीत चीर देऊन संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बसवतात आणि पट्टी बांधतात. डोळा जगला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटायचा. मुळं जंबेरीची, फळ संत्र्याचं. डोळा मेला तरी रोप मरत नाही. ते आपलं जंबेरी म्हणून वाढत राहतं, आणि रोप लहान असताना दोन्हींतला फरक नवख्या माणसाला दिसत नाही.

मला दिसत होता. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि असे डोळे भरण्यात माझा हात चांगला समजला जायचा. त्या हंगामात मी मित्राच्या लग्नाला म्हणून गेलो आणि चार दिवस तिथेच रमलो. डोळ्यांच्या काड्या ओल्या गोणपाटात ठेवायच्या असतात, त्या उघड्या राहिल्या. परत आल्यावर, मामांना कळू नये म्हणून, त्याच सुकलेल्या काड्यांचे डोळे मी भरले. मोहगावच्या शेषरावांनी तीनशे कलमं सांगून ठेवली होती. ते न्यायला आले तेव्हा जिवंत डोळ्यांची दोनशे चाळीसच निघाली. मामा तापानं अंथरुणावर होते. मी साठ जंबेरीची रोपं घेतली, ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे काटे खुडले आणि मिसळून दिली. "सगळे डोळे खात्रीचे आहेत," असं वर सांगितलं.

एवढ्यावर थांबलो नाही. त्यांच्या टेम्पोतून मोहगावला गेलो, दोन दिवस त्यांच्या घरी राहिलो, लागवड करू लागलो. ती साठ रोपं मी स्वतः विहिरीकडच्या पट्ट्यात लावली. शेषरावांच्या बायकोनं, वहिनींनी, तव्यावरची पहिली पोळी दोन्ही दिवस मला वाढली.

संत्र्याला फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर मी नाशिकला नोकरी धरली होती. सहाव्या वर्षी मामांचं पत्र आलं. त्यात शेवटी एक ओळ होती: मोहगावचे शेषराव येऊन गेले, दिलीपला एकदा पाठवून द्या म्हणाले. मी गेलो नाही. मामा वारले, पन्हेरी मोडली, आणि ती ओळ माझ्याजवळ राहिली.

पांढुर्णा

सकाळी पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा हवेत गारवा होता, पण ऊन असं स्वच्छ की स्टेशनवरची प्रत्येक पाटी धुतल्यासारखी दिसत होती. पाट्या हिंदीत आणि त्यांच्याखाली उभी असलेली माणसं मराठीत बोलणारी. रेखा नाशिकची, तिला याची फार मौज वाटली. चहावाल्याला ती हिंदीत म्हणाली, "भैया, दो चाय." तो म्हणाला, "साखर कमी टाकू का ताई?"

चार दिवसांसाठी आम्ही एक गाडी ठरवली होती. ती चालवणारे मुन्नाभाऊ पन्नाशीचे, अंगानं भरलेले, आणि गावाचा अभिमान त्यांच्या आवाजातच होता.

"जिला झाला आता आमचा," गाडी सुरू करायच्या आधीच त्यांनी सांगितलं. "कलेक्टर इथंच बसते. पहिले कागदासाठी छिंदवाड्याले जा लागे, घाट चढून. आता नाही."

पहिला थांबा नाश्त्याचा. इकडे पोह्यांवर तर्री घालतात. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा, वर तेलाचा थर. रेखानं वाटी पाहिली, आमटी समजली आणि तोंडाला लावली. पुढची दहा मिनिटं तिला उचक्या लागल्या. दुकानदारानं न विचारता गुळाचा खडा आणून दिला. बहुधा पाहुण्यांसाठी तो हाताशीच ठेवत असावा.

मग मंडी. जमिनीवर संत्र्यांचे ढीग, आणि ढिगांभोवती बसून बायका फळं निवडत होत्या. नजर फळावर, हात चालूच, आणि गप्पाही चालूच. मोठं फळ एकीकडे, मध्यम दुसरीकडे, साल सुटलेलं तिसरीकडे. आमच्या वाइनरीत द्राक्षं निवडायला पट्टा आणि दिवे आहेत. इथे नुसती बोटं होती, आणि ती चुकत नव्हती. शेजारी खोकी भरली जात होती. खोक्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: नागपूर.

"हा माल तर इथला ना?" रेखानं विचारलं.

"इथलाच. पांढुर्ण्याचा, सौंसरचा."

"मग नाव नागपूरचं का?"

"जातच नागपुरी आहे ना ताई, गाव कोणतंबी असो," मुन्नाभाऊ म्हणाले. मग जरा थांबून, "पण आमचं नाव लिवलं असतं तं बरं वाटलं असतं. खाणाऱ्याले समजलं तं पाहिजे, कोणाच्या हातचं हाय."

नावाबद्दल बोलण्याचा अधिकार मी मागेच घालवला होता.

दुपारी डोंगराकडच्या दोन बागा पाहिल्या. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, खाली काळी जमीन, वेचणी संपलेल्या कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या, आणि मध्येच संत्र्याच्या बागेचा गर्द हिरवा चौकोन. या दिवसांत बागेत एक गंमत दिसते. काही झाडांवर मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, पिकलेली फळं असतात, तर शेजारच्या झाडांवर आंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरतानाची, पांढरी फुलं उमललेली. फळांनी लवलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले, आणि वास असा की आत शिरल्यावर माणसं आपोआप हळू बोलायला लागतात.

चवीचं काय? मी खात नव्हतो. त्यामुळे या दोन बागांच्या चवी रेखाच्या आहेत. पहिली बाग मुरमाड जमिनीची: फळ लहान, साल चिकटलेली, गोडी ठसठशीत. दुसरी काळ्या मातीची: फळ मोठं, साल सैल, पाणी भरपूर, गोडी जरा मागून येणारी. इथे सुरी वापरत नाहीत. बागवाला फळाच्या डोक्यात अंगठा घालतो, एका झटक्यात साल उघडतो आणि पहिली फोड पाहुण्याच्या हातावर ठेवतो. माझ्या हातावरची फोड मी दोन्ही ठिकाणी रेखाकडे सरकवली. "यांना पित्त आहे," ती आपणहून सांगायची. मला त्या वेळी तिची फार लाज वाटायची, म्हणजे तिच्यासमोर माझी.

दुसऱ्या बागेत रेखानं हौसेनं एक फळ ओढून तोडलं. देठाजवळची साल फळाला न येता झाडालाच राहिली.

"टोपी काढली ना बाई त्याची!" बागवाला हळहळला. "ओढाचं नसते. कात्रीनं देठ कापा लागते. हे आता संध्याकाळपर्यंत खराब."

"मग मी आत्ताच खाते," रेखा म्हणाली आणि सगळं फळ तिनं तिथेच उभ्यानं संपवलं. बागवाल्याची हळहळ गेली.

सौंसर

दुसऱ्या दिवशी सौंसरकडे निघालो. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना बागा आणि तुरीचे कापलेले फड. बोरगावजवळ कारखान्यांची धुराडी दिसली आणि त्यांच्या कुंपणाला लागूनच पुन्हा संत्री. रेखाला जामसावळीचा मारुती पाहायचा होता. तिथली मूर्ती उभी नाही, निजलेली आहे. दर्शनाला आलेल्या एका बाईंनी रेखाला सांगितलं, "मनातलं इथं ठेवून जाजा, हलकं वाटते."

दर्शन झाल्यावर आम्ही बाहेर झाडाच्या सावलीत बसलो. भर दुपार होती. मुन्नाभाऊ नारळाचा प्रसाद वाटत कोणाशी तरी बोलत उभे होते.

रेखा म्हणाली, "काल दोन बागांत तुम्ही विचारलंत, मोहगाव किती लांब. आज सकाळी मुन्नाभाऊंना विचारलंत. आणि ते म्हणाले, चला दाखवतो, तर तुम्ही म्हणालात, बघू. कोण आहे मोहगावला?"

मी सगळं सांगितलं. वर जसं लिहिलं आहे तसंच, मित्राच्या लग्नापासून मामांच्या पत्रापर्यंत. संपल्यावर ती म्हणाली, "साठ झाडं?"

"साठ."

"मला वाटलं कोणी बाई असेल." तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग तिचा चेहरा बदलला. "म्हणजे पित्त नाही?"

"नाही."

"बावीस वर्षं मी तुमच्यासाठी कोकम आणतेय. जेवणात चिंच घालत नाही. माझ्या आईला चिंचेची आमटी करू देत नाही मी, तुम्ही यायचे असलात की!"

ती रागावली ती त्या चिंचेवरून. साठ झाडांवरून नाही. मला ते बरं वाटलं आणि बरं वाटल्याचंही वाईट वाटलं. माझं हे असंच असतं.

"त्या माणसानं सहाव्या वर्षी जंबेरी पाहिली असेल," मी म्हणालो. "सहा वर्षं पाणी घालून. तो मला कशासाठी बोलावत असेल?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मारायला. किंवा चारचौघांत विचारायला. दोन्ही बरोबरच होतं."

"मग उद्या जाऊ," ती म्हणाली. "फिरायला आलो असं सांगून बाग बघा, आणि मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला. नाही बोललात तर मी कोणाला सांगणार नाही. पण कोकम बंद."

त्या दिवशी सौंसरला जेवलो ते लिहायला हवं. पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. पाटोडी म्हणजे बेसनाच्या थापलेल्या वड्या, झणझणीत रश्श्यात सोडलेल्या. नाशिकला आम्ही पाटवडी करतो, पण तिचा रस्सा यांच्यापुढे बिचारा आहे. खानावळीच्या बाई ताटाजवळून हलतच नव्हत्या. "घ्या ना बापू, तुमी तं काहीच जेवून नाही राहिले." मला घास उतरत नव्हता, आणि त्या बाईंना वाटलं रस्सा फिका झाला.

मोहगाव

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मोहगावात शिरलो. मुन्नाभाऊंनी काच खाली करून एका दुकानदाराला विचारलं, "शेषराव कुठं राहते?"

"कोणते? पन्हेरीवाले का?"

माझ्या आठवणीतले शेषराव कापूस आणि संत्रं करणारे शेतकरी होते. पन्हेरीशी त्यांचा संबंध एकच, आणि तो मी होतो.

शेत गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे. विहीर दिसली आणि मी जागा ओळखली. आंब्याखाली बाजेवर एक उंच, वाळलेले गृहस्थ बसले होते. सत्तरीला आलेले. नाशिकचे पाहुणे बागा पाहत फिरतायत, एवढंच मुन्नाभाऊंनी सांगितलं. शेषरावांनी लगेच बाज आमच्याकडे सरकवली, पाणी मागवलं.

"द्राक्षाच्या गावचे लोक संत्रं पाहाले आले," ते हसून म्हणाले. "या, या. बाग तुमचीच हाय."

रेखा त्यांना माझ्या वाइनरीतल्या नोकरीचं सांगत, फळं पाहत पुढे गेली. माझे पाय आपोआप विहिरीकडे वळले. तिथे झाडं होती. मोठी, डेरेदार, पंचवीस-सत्तावीस वर्षांची, आणि त्यांवर संत्री होती. मला काही कळेना. मी खाली बसलो आणि बुंधा पाहिला. संत्र्याच्या कलमाचा सांधा घोट्याच्या जरा वर असतो. तिथे सांधा नव्हता. मी उठत उठत खोडावरून हात वर नेला. सांधा माझ्या छातीपाशी होता. खाली जंबेरीचं खोड, वर फांद्या संत्र्याच्या. म्हणजे वाढलेलं झाड कापून कोणीतरी वर नव्यानं डोळे बांधले होते. एकेका झाडावर तीन-तीन, चार-चार. मी पुढच्या झाडाशी गेलो. तसंच. त्याच्या पुढचं, तसंच.

"पाहुणे," मागून आवाज आला. शेषराव उभे होते. "फळ सोडून बुंधा पाहून राहिले तुमी. माझ्या बागेत बुंधा दोघंच पाहते. एक पन्हेरीवाला, दुसरं कुत्रं."

मुन्नाभाऊ मोठ्यानं हसले. शेषराव हसत नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"नाव काय म्हनलं तुमचं?"

"दिलीप."

"वरूडचा."

"हो, शेषरावभाऊ."

ते वळून आंब्याकडे ओरडले, "अवं, पाहाले ये! तो दिलीप आला. पन्हेरीतला. मेला नाही अजून."

वहिनी हात पुसत आल्या. केस पांढरे, बाकी तशाच. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "केवढा जाड झाला रे तू!" आणि मग रेखाला, "ही बायको का? बरी केली."

शेषरावांनी जंबेरीच्या खोडावर थाप मारली. "सहाव्या वर्सी फळ धरलं. तिनशेतून ह्या साठ झाडायले हे एवढे खडबडे लिंबं. सारं गाव पाहाले आलं. एक वर्सभर तुले शिव्या देल्या मी. खोटं नाही सांगत."

"मामांना निरोप दिला होता तुम्ही."

"देल्ता ना. म्हनलं, पोट्ट्याले पाठवा. झाड तं उभंच हाय, मूळ मजबूत हाय, वरून कापून डोळे बांधून दे म्हनलं. तुयाच हातचं काम होतं. कायले बोलावलं होतं मंग? जेवाले?"

वीस-एकवीस वर्षं मी त्या ओळीचा एकच अर्थ लावला होता.

"तू आला नाही. मंग मीच शिकलो. पहिल्या वर्सी सारे डोळे मारले मी. दुसऱ्या वर्सी दहा-बारा लागले. तिसऱ्या वर्सी हात बसला. साठातले अठ्ठेचाळीस असे बदलवले. बारा ठेवले जंबेरीचेच, ते पाहा, ह्याच पट्ट्याच्या शेवटी, नाल्याकडं. त्याची बी धरतो. आता आजूबाजूच्या पन्हेरीवाल्यायले बी इथूनच जाते, अन् आमची सुनबाई आमची पन्हेरी चालवते." ते थांबले. माझ्या डोळ्यांत पाहून त्यांनी विचारलं, "एक सांग दिलीप. तुले तवा मालूम होतं का?"

इथे मी खरं ते लिहितो. उत्तर देण्याआधी माझ्या मनात दुसरं उत्तर तयार झालं होतं. नवा होतो, चुकलं. ते अगदी तोंडाशी आलं होतं आणि त्यानं सगळं गोड झालं असतं. रेखा तीन पावलांवर उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, मुद्दाम झाडाकडे पाहत होती.

"मालूम होतं मले," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी तीच भाषा तोंडातून आली. "डोळे मेलेले होते. मी काटे खुडून देल्ते."

शेषरावांनी खोडावरचा सांधा बोटांनी चाचपला.

"मले वाटे तुले समजलं नसंल," शेषराव हळू म्हणाले. "लोकायले मी सांगो, पोरगं नवं होतं, चुकलं. तुह्या मामालेबी तेच सांगतलं." मग म्हणाले, "सहा वर्सं पाणी देल्लं मी त्याले. ते वर्सं काही वापस नाही येत."

"नाही येत," मी म्हणालो.

ते वळले आणि मोटर बंद करायला म्हणून विहिरीपलीकडे निघून गेले. मोटर चालू नव्हती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मी तिथेच बसलो. वहिनी माझ्याजवळ आल्या. "बसू दे त्याले जरा," म्हणाल्या. "त्याले राग आला का तो मोटर बंद कराले जाते. लग्नापासून हायच." मग पदरातून त्याच झाडांचं एक संत्रं काढून त्यांनी अंगठ्यानं उघडलं आणि पहिली फोड माझ्यापुढे धरली. रेखानं सवयीनं हात पुढे केला, आणि मागे घेतला.

मी ती फोड खाल्ली. चवीबद्दल मला काहीच सांगता येणार नाही. पाहुण्यांना मी चव कशी ओळखायची हे शिकवतो, पण त्या वेळी मला फक्त एवढं कळलं की ती त्या साठांतल्याच एका झाडाची होती.

शेषराव परत आले ते सुनेला घेऊनच. ज्योती तिचं नाव, तिशीची, मनगटावर पट्ट्यांचं बंडल अडकवलेलं. शेषरावांच्या हातात डोळे भरायची लहान सुरी होती. ती त्यांनी माझ्याकडे केली, मूठ माझ्या बाजूला.

"हात चालते का अजून? का फक्त दारूच पाजतं लोकायले?"

"वाइन," रेखा म्हणाली.

"तेच ते."

पन्हेरी नाल्याकडे होती. त्या बारा जंबेरीच्या झाडांच्या पलीकडे जंबेरीच्या रोपांच्या सरळ ओळी. काहींना डोळे भरून झालेले, पट्ट्या बांधलेल्या. आणि त्यांच्यात मधूनमधून एखाद्या रोपाला लाल चिंधी बांधलेली होती. मी विचारलं.

"ज्याचा डोळा मेला, त्याले लाल चिंधी," ज्योती म्हणाली. "मंग त्यावर दुबारा डोळा भरेपर्यंत चिंधी काढाची नाही. विकाचं तं नाहीच. बाबांचा नियम हाय. कोणत्याच पन्हेरीत असं नसते काका, आमच्याइथंच असते. लोक हासते आमाले. म्हणते, पन्हेरी हाय का जत्रा?"

शेषराव दुसरीकडे पाहत होते.

मी खाली बसलो. नाशिकला आम्ही द्राक्षांना पाचर मारून कलम करतो, त्याची सवय वेगळी. सालीत उलट्या टी-सारखी चीर देताना पहिल्या रोपाला जास्तच खोल गेली. दुसऱ्याला बरी. ज्योती ओल्या गोणपाटातून काडी काढून द्यायची, मी डोळा कापून बसवायचो, पट्टी गुंडाळायचो.

"पट्टी ढिली हाय काका," ती दर चौथ्या रोपाला म्हणायची. "पाणी जाईन आत."

"त्याले सवय नाही राहिली," शेषराव मागून म्हणाले. "वरच्या साहेबी कामात गेला ना तो."

तीस रोपं झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, कंबर मोडली होती, आणि अंगठ्याला सुरी लागून बारीक रक्त आलं होतं. ज्योतीनं त्या ओळीच्या टोकाला खुंटी ठोकली आणि तिच्यावर खडूनं लिहिलं: दिलीपकाका, ३०. आमच्याकडे वेलींच्या ओळीच्या टोकाला जातीचं नाव लिहितात, करणाऱ्याचं नाव कधीच नाही. मुन्नाभाऊंनी त्या खुंटीचा फोटो काढला.

जेवायला सोल्यांची भाजी होती, तुरीच्या शेवटच्या हिरव्या दाण्यांची, आणि पोळ्या. तव्यावरची पहिली पोळी वहिनींनी रेखाला वाढली. मला दुसरी मिळाली. ते योग्यच होतं.

निघताना शेषराव गाडीपर्यंत आले. "तीन हप्त्यानं समजीन," म्हणाले. "ज्योती फोन करीन. मेले तं मेले म्हणून सांगीन, तुह्यासारखं नाही." आणि मग, गाडी सुरू झाल्यावर, "येजो बापू. निरोपाची वाट पाहू नको."

परत

चौथ्या दिवशी पांढुर्ण्याहून परतताना रेखानं मंडीतून दोन खोकी घेतली. दोन्हींवर नागपूर छापलेलं. नाशिकला शेजाऱ्यांना वाटताना ती प्रत्येकाला सांगत होती, "पांढुर्ण्याकडचं आहे हे." मी दिवसाला दोन तरी खात होतो. घरात चिंच परत आली आणि कोकम संपलं.

पुढच्या रविवारी पाहुण्यांना वेलींमधून फिरवताना मी नेहमीचंच सांगितलं, माती, ऊन, नाव. एका बाईंनी विचारलं, कलम फसलं तर काय करता? याआधी मी हा प्रश्न हसून टाळायचो. या वेळी थांबून नीट उत्तर दिलं, जरा जास्तच लांब. पाहुणे घड्याळं पाहायला लागले.

तीन आठवड्यांनी, दुपारी, ज्योतीचा मेसेज आला. आधी फोटो. नाल्याकडची ती ओळ, टोकाला खुंटी, खडूची अक्षरं अर्धी पुसलेली. ओळीत मधूनमधून लाल ठिपके होते. मी फोटो मोठा करून मोजले. खाली लिहिलं होतं: "काका, चोवीस लागले. सहा मेले, चिंध्या बाबांनी स्वतः बांधल्या. दुबारा भरून राहिलो."

मी तो रेखाला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. तिनं हात पुसून फोन घेतला, फोटो पाहिला, वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"सहा मेले," ती म्हणाली, "आणि तुम्ही एवढे खूश?"

"हो," मी म्हणालो.